कुलूपरावांच्या घरातली खरखर

स्वतःचं नाव सांगायला त्यांना मुळीच आवडत नसे. कुरियरवाल्याला ते एक नाव सांगत, वाण्याला दुसरंच. कुठे कोणी पूर्ण नाव विचारलं, तर त्याआधी ते उलट विचारत, की पूर्ण कशाला हवंय? कामावर कोणीतरी एकदा गमतीने त्यांना कुलूपराव म्हटलं आणि ते नाव चिकटलं. त्यांनाही ते पसंत पडलं. हे नाव जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नव्हतं.

अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका संस्थेत ते नोकरीला होते. वाचणारी माणसं काचेपलीकडच्या बंद खोलीत बसून वाचत आणि नंतर कुलूपराव हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग साफ करत. खुर्ची करकरली, पान फडफडलं, बाहेर एखादी गाडी गेली, की तेवढा तुकडा ते शोधून काढत. कान इतका तयार होता, की वाचणारा जेवून आलाय की उपाशीपोटी बसलाय हे ते पहिल्या पानाला सांगत. एका वाचणाऱ्या बाईंना त्यांनी नुसत्या आवाजावरून दाढ दाखवून यायला सांगितलं होतं, आणि दाढ खरोखरच किडलेली निघाली.

घरात बायको, शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आणि वडील. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. आई जाऊन काही वर्षं झाली होती. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली एका शिंप्याचं दुकान. दार उघडून आत आलं, की चपलांच्या शेजारी एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. घरात शिरणाऱ्याने आपला फोन आधी त्या डब्यात टाकायचा, हा नियम. झाकण लावलं की फोन लागत नाही, हे कुलूपरावांनी स्वतः वारंवार करून पाहिलेलं होतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी होती. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने एक बोलका स्पीकर दिला. हाक मारली की गाणं लावणारा, हवामान सांगणारा. तो त्याच संध्याकाळी खोक्यासकट मामाकडे परत गेला. मुलगी रडली. कुलूपराव म्हणाले, की जो डबा हाक ऐकतो तो हाक मारायच्या आधीचंही ऐकत असतो. मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

आवाजाचं वेड मात्र घरीही होतं. आतल्या खोलीत त्यांनी स्वतः जुळवलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता, कपाटाएवढे दोन स्पीकर होते आणि भिंतभर रेकॉर्डी. ही सगळी जुनी यंत्रं त्यांना प्रिय होती, कारण ती फक्त वाजत. ऐकत नसत. रविवारी सकाळी ते अण्णांना चांगल्या खुर्चीत बसवत, रेकॉर्ड पुसून लावत आणि स्वतः जमिनीवर पाय पसरून बसत. अण्णा मान डोलवत. शेवटी "छान" म्हणत. आठवड्यातला हा एक तास असा होता, की कुलूपरावांना कोणाचाही संशय येत नसे.

क्रिप्टोचं, म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर असणाऱ्या नाण्यांचं, प्रकरण मात्र या सगळ्याच्या आधीचं. ज्या काळात आजूबाजूच्या कोणाला तो शब्दही ठाऊक नव्हता, त्या काळात त्यांनी ही नाणी घेऊन ठेवली होती. श्रीमंत व्हायला नाही, असं ते म्हणत, आणि ते बरंचसं खरंही होतं. आपले व्यवहार कुठल्याही बँकेतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत, याचंच त्यांना सुख होतं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करी. तिचं म्हणणं असं, की ज्या पैशांबद्दल कोणाला सांगता येत नाही ते असून नसल्यासारखेच. ती नाणी ज्याने उघडायची ते अंगठ्याएवढं यंत्र त्यांनी एका परदेशी दुकानातून मागवलं होतं. हे बायकोला माहीत होतं. आणखी एकाच माणसाला माहीत होतं, तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो दुसऱ्या गावात राही. त्याने एकदा सल्ला विचारला आणि कुलूपरावांनी भीड पडून सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तो फोन आला. कुलूपराव कामावर होते. पलीकडचा माणूस अतिशय मऊ बोलत होता. त्याने यांचं पूर्ण नाव घेतलं, घराचा पत्ता सांगितला, आणि तुमच्या यंत्रात बिघाड आहे, गुप्त शब्द सांगितलेत तर लगेच दुरुस्त करून देतो, असं म्हणाला. कुलूपरावांनी नकार दिला. तेव्हा त्याच मऊ आवाजात त्याने मुलगी शाळेतून कोणत्या रस्त्याने येते ते सांगितलं आणि फोन ठेवला.

पोलिसांत तक्रार झाली. पुढे त्या माणसाने काही केलं नाही, पुन्हा फोनही आला नाही. पण कुलूपराव सगळे फोन रेकॉर्ड करून ठेवत, तसा हाही केलेला होता. तो त्यांनी हेडफोन लावून किती वेळा ऐकला असेल याला गणती नाही. माणसाचा आवाज बाजूला काढला, मागची खोली ऐकली. पंखा होता. लांबवर भांडी वाजत होती. आणि मधेच एक दार करकरलं होतं, आधी खाली, मग वर चढणारा सूर. कुलूपरावांनी तेवढा तुकडा पुन्हा लावला. भावाच्या स्वयंपाकघराचं दार असंच करकरायचं.

ते उठून भावाकडे गेले आणि तो फोन तुझ्या घरातून आला होता, असं त्याला म्हणाले. भावाला वाटलं, दादा थट्टा करतोय. तो हसला. मग त्याला कळलं, की थट्टा नाही. तो एवढंच म्हणाला, "दादा, तू दार ओळखलंस आणि मला नाही ओळखलंस?"

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. अण्णा तेवढे वर्षातून एकदा धाकट्याकडे महिनाभर राहून येत. आले, की तिकडचा विषय घरात निघत नसे. पुढे एके दिवशी कुलूपरावांना इंटरनेटवर बातमी दिसली. ज्या परदेशी दुकानातून ते यंत्र मागवलं होतं त्याच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते चोरीला गेले होते आणि पुष्कळांना असेच मऊ आवाजातले फोन आले होते. त्यांनी बातमी पुन्हा वाचली, आणि स्वतःशी म्हणाले, की यावरून भावाने कोणाला सांगितलं नव्हतं असं काही सिद्ध होत नाही. आणि पान बंद केलं.

हे सगळं आधी सांगायला हवं होतं, कारण आता पुढे जे घडलं ते यावाचून नीट कळणार नाही.

एकदा कुलूपरावांना जबर सर्दी झाली. कानांना दडे बसले, काम करणं शक्य नव्हतं, म्हणून ते चार दिवस घरी राहिले. एरवी रविवार सोडला तर दुपारी ते कधीच घरी नसत. बायको दुकानात, मुलगी शाळेत, अण्णा जेवून आपल्या खोलीत. कुलूपरावांनी बारीक आवाजात एक रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटून पडले. गाणं संपत आलं होतं तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. टिडिक, टिडिक, टिडिक, टिर्रर्र.

ते ताडकन उठून बसले. हा आवाज ते झोपेतही ओळखले असते. जवळपास कुठेतरी मोबाइल फोन चालू झाला, की अँप्लिफायर असा कुरकुरतो. पण घरात फोनच नव्हता. बायकोचा तिच्याबरोबर, मुलीचा तिच्याबरोबर, त्यांचा स्वतःचा डब्यात. त्यांनी जाऊन डबा पाहिला. झाकण घट्ट होतं. अण्णांकडे तर फोन कधी नव्हताच. त्यांना कोणाला काही कळवायचं असलं तर ते घरातल्यांना सांगत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मनात शंकेची पाल चुकचुकली, की कुलूपराव तिला हाकलत नसत, जवळ बसवून घेत. त्यांनी एकेकाचा विचार सुरू केला. खालच्या शिंप्याचा फोन असेल तर तो दिवसभर कुरकुरला असता. विजेचं नवं मीटर बसवायला आलेला माणूस गरजेपेक्षा जास्त वेळ जिन्यात उभा होता, हे त्यांना आठवलं. ते मीटर स्वतःच कोणाला तरी निरोप पाठवतं, असंही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी घराची वीज बंद करून बॅटरीवरचा छोटा रेडिओ कानाशी धरला. टिडिक टिडिक चालूच, आणि जिन्यातल्या मीटरशी नेला तर आवाज उलट कमी झाला. म्हणजे मीटर नाही. म्हणजे घरात कोणीतरी काहीतरी ठेवलंय, आणि ते स्वतःच्या बॅटरीवर चालतंय.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. सहज बोलल्यासारखं म्हणाले, की दुपारी घरात कुठलातरी फोन चालतो.

कोणी काही बोललं नाही. आणि त्या न बोलण्यात कुलूपरावांच्या तयार कानाला काहीतरी ऐकू आलं. मुलीने आईकडे पाहिलं. आईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. अण्णा मोठ्याने म्हणाले, की भाजी छान झालीय.

आता मात्र त्यांची झोप उडाली. बाहेरचा चोर परवडला. त्याच्यासाठी निदान दाराला कडी लावता येते. त्यांनी दिव्यांची बटणं उघडून पाहिली, पंख्याच्या वाट्या काढल्या, फ्रीजच्या मागे हात घालून कोळिष्टकं काढली. बायको दुकानातून आली तेव्हा ते स्टुलावर उभे राहून घड्याळ खोलत होते.

"काय शोधतोयस?" तिने विचारलं.

"ते तुला माहीत असेल."

तिने पर्स खुंटीला अडकवली. चेहऱ्यावर राग होता, पण त्या रागात थोडी कीवही असावी, असं त्यांना नंतर वाटलं. "दुपारभर घराची आतडी बाहेर काढलीस," ती म्हणाली. "घरातल्या माणसांशी बसून बोलायला तेवढा वेळ काढला असतास, तर एव्हाना सापडलं असतं."

याचा अर्थ त्यांनी आपल्या पद्धतीने लावला. सापडण्यासारखं काहीतरी आहे, आणि हिला ते माहीत आहे.

सर्दी बरी झाली, ते कामावर जाऊ लागले. आठवडाभर त्यांनी अक्षर काढलं नाही. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोटात दुखतंय असं सांगून निघाले. पिशवीत बॅटरीवरचा रेडिओ होता. जिन्यात त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, आवाज न करता किल्ली फिरवली आणि चोर आपल्याच घरात शिरावा तसे आत शिरले.

रेडिओ बारीक लावून ते पॅसेजमध्ये उभे राहिले. थोड्या वेळाने टिडिक टिडिक सुरू झालं. डॉक्टर छातीवर नळी फिरवतो तसा त्यांनी रेडिओ भिंतीजवळून फिरवला. स्वयंपाकघराकडे कमी, आतल्या खोलीकडे जरा जास्त, अण्णांच्या दाराशी सगळ्यात जास्त. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत ठेवलंय. अण्णा कोणालाही दार उघडतात, पाणी देतात, बसा म्हणतात. कोणीतरी आलं असेल, पलंगाखाली काहीतरी चिकटवून गेलं असेल.

तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. अण्णा हसत होते. आणि मग बोलले, पण इतक्या हळू, इतक्या साध्या आवाजात, की कुलूपरावांना क्षणभर आत दुसरंच कोणीतरी आहे असं वाटलं. गेली कित्येक वर्षं अण्णा ओरडूनच बोलत. म्हातारपणी माणूस तापट होतो, असं कुलूपरावांनी धरून ठेवलं होतं.

त्यांनी दार ढकललं.

अण्णा खिडकीशी बसले होते. घरात कायम डोक्यावर असणारी लोकरीची टोपी पलंगावर पडली होती. हातात मोबाइल फोन होता. दोन्ही कानांच्या मागे कातडीच्या रंगाचं काहीतरी बसवलेलं होतं. मुलाला पाहून ते दचकले नाहीत. फोनमध्ये म्हणाले, "ठेवतो. दादा आलाय." आणि बटण दाबलं.

"हे काय आहे?" कुलूपरावांनी विचारलं.

"कानाचं मशीन."

"आणि ते?"

"फोन. तुझ्या भावाने दिलेला."

कुलूपराव पलंगाच्या कडेवर बसले. हातातला रेडिओ अजून चालूच होता, तो त्यांनी बंद केला. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

"आता येतंय," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आई गेल्यानंतर हळूहळू सुरू झालं. आधी खिडकीबाहेरचे पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग नातीचं बोलणं. धाकट्याकडे राहायला गेले तेव्हा त्याने चहा घेणार का असं विचारलं, तर हे म्हणाले, चारला. असं एक-दोनदा झाल्यावर तो त्यांना कान तपासायला घेऊन गेला. मशीन घेतलं, आणि ते मशीन फोनवरून लावावं लागतं म्हणून फोनही दिला. काही बिघडलं, आवाज कमी-जास्त हवा असला, तर तिथली बाई लांबूनच ते लावून देत असे. आणि रविवार सोडून रोज दुपारी धाकटा फोन करी. सुनेला आणि नातीला त्यांनी सांगितलं होतं. दादाला सांगू नका, असंही सांगितलं होतं.

दुसऱ्याच्या पोटातली गुडगुड ओळखणारे कुलूपराव ऐकत होते. अण्णांनी तसा टोमणा मारला नाही. तो त्यांचा त्यांनाच लागला.

"मग रविवारी?" त्यांनी विचारलं. "मशीन घालत होतात ना?"

"नाही. तू जवळ बसतोस, टोपीतूनही दिसलं असतं." अण्णा टोपीशी चाळा करत होते. "रविवारी मी तुझ्याकडे बघत बसायचो. तुझा चेहरा फुलला, की मान डोलवायची. तू डोळे उघडलेस, की संपलं म्हणून समजायचं."

खाली शिंप्याचं मशीन चालत होतं, आणि ते अण्णांनाही ऐकू येत असावं, कारण त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलं?"

"पोरीच्या मामाने तो बोलका डबा दिला, तो तू परत पाठवलास. हे त्याचंच भावंड. कानाशी माइक, वर इंटरनेट, आणि ज्याच्याशी तू बोलत नाहीस त्याने दिलेलं. तू काढा म्हणाला असतास. आणि मी काढलं असतं."

"मी तसं म्हटलं नसतं."

अण्णांनी टोपीची घडी करून उशाशी ठेवली.

"पण अण्णा, माझ्याच घरात, माझ्यापासून लपवून…"

"तुझं सगळंच खाजगी असतं," अण्णा शांतपणे म्हणाले. "माझं एक असू नये?"

संध्याकाळी बायको आली तेव्हा कुलूपराव तिला म्हणाले, की घरातले सगळे मिळून माझ्याविरुद्ध कट करताहेत असं मला वाटत होतं, आणि ते खरंच होतं. तिने नाकारलं नाही. म्हणाली, तुला कळलं असतं तर तू आधी मशीन खोललं असतंस आणि मग अण्णांची चौकशी केली असतीस. हे त्यांना झोंबलं. झोंबायला कारण होतं. पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी अण्णांकडे मशीन जरा बघायला मागितलं होतं आणि अण्णांनी मूठ मिटून घेतली होती.

पण स्वभाव असा एका दिवसात जात नाही. पुढचे काही दिवस त्यांनी त्या मशीनच्या अॅपच्या अटी वाचून काढल्या, कोणी वाचत नाही तसल्या, बारीक अक्षरातल्या. अॅप बाहेर काय पाठवतं ते तपासलं. आणि त्यांचा संशय अगदीच पोकळ नव्हता. मशीन किती वेळ कानात असतं, आजूबाजूला किती गोंगाट असतो, माणूस एकटा बसलेला असतो की बोलत असतो, फोन कुठे असतो, हे सगळं कंपनीकडे जात होतं. जेवायला बसल्यावर त्यांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. या वेळी आवाजात विजय नव्हता. खरोखरची काळजी होती. मुलगीही घास हातात धरून ऐकत राहिली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. आता ते घरात उघडपणे मशीन घालत. "म्हणजे मी दिवसभरात किती वेळ गप्प बसलेला असतो, ते त्यांना कळतं?"

"हो. तेच तर म्हणतोय."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "कोणाला तरी कळतंय."

कुलूपराव त्या दिवशी ताटावरून लवकर उठले.

त्यांनी जे बंद करता येण्यासारखं होतं ते बंद केलं, अण्णांना विचारून, प्रत्येक बटणागणिक. फोन कुठे आहे ते कळणं बंद झालं, बाकीचंही बरंच. पण त्यामुळे मशीन लांबून लावून घ्यायची सोय गेली. आता आवाज जुळवायचा तर प्रत्यक्ष त्या बाईकडे जायला हवं, आणि ती धाकट्याच्या गावात. कुलूपराव म्हणाले, की मी घेऊन जाईन, माहिती तारेवरून जाण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं. बायकोने ओठ घट्ट मिटून घेतले. आत्ता आपण एक शब्द बोललो तर हा बेत मोडेल, एवढं तिला कळत होतं.

भावाकडे पोचले तेव्हा चहा ठेवायला भावजय आत गेली. स्वयंपाकघराचं दार उघडलं, मिटलं. कुलूपराव कान टवकारून बसले होते. काहीच वाजलं नाही. भावाच्या ते लक्षात आलं.

"तेल घातलं," तो म्हणाला. "तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशीच. हिला ते दार ऐकवेना."

म्हणजे तोही पुरावा गेला. कुलूपरावांनी मग ते विचारलं, जे त्या वेळी विचारायचं राहून गेलं होतं. आरोप न करता, नुसतं. "तू कोणाला सांगितलं होतंस का?"

"हो," तो म्हणाला. कामावर जेवायला एकत्र बसत तेव्हा तो विषय निघाला होता. आमच्या दादाने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं, असं त्याने सांगितलं होतं. चांगलं छाती फुगवून सांगितलं होतं. टेबलाभोवती जे कोणी होते त्या सगळ्यांनी ऐकलं. "तुला सांगणार होतो मी. पण तू आलास तो दाराचंच घेऊन आलास."

कुलूपरावांनी मान हलवली. आता त्यांची पाळी होती. दुकानातल्या नावांच्या चोरीची बातमी त्यांनी सांगितली. असे फोन शेकडो लोकांना आले, तुझा काही संबंध नसेलही, असं म्हणाले.

"हे तुला कधी कळलं?"

"बरेच दिवस झाले."

भाऊ उठला. रिकामे कप उचलून आत घेऊन गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आत नळ वाहत होता. अण्णा दोघांचं सगळं बोलणं ऐकत बसले होते, आता त्यांना ऐकू येत होतं, आणि त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. तो मऊ आवाजातला माणूस कोण होता, त्याला पत्ता कुठून मिळाला, हे आजपर्यंत कळलेलं नाही. ते कळणारही नाही. भाऊ बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, की जेवूनच जा.

तेव्हापासून जाणं-येणं सुरू झालं. भरभरून बोलतात असं नाही. कुलूपराव भावाला अजून घरातली आतली गोष्ट सांगत नाहीत, आणि आपल्याला ती सांगितली जात नाही हे भावाला कळतं. पण अण्णांच्या कानाचा विषय दोघांना पुरतो. तो विषय तर फारच लांबला, कारण मशीन घालून अण्णांनी पहिल्याच रविवारी रेकॉर्ड ऐकली आणि स्पष्ट सांगितलं, की हे काचा फुटल्यासारखं वाजतंय. कुलूपराव आधी दुखावले, मग हट्टाला पेटले. त्यांच्या ध्यानात आलं, की मशीनला फक्त बोलणं कळतं, गाणं आलं की ते त्याला गोंगाट समजून दाबतं. पुढच्या खेपेला ते स्वतः तयार केलेले सूर घेऊन कानाच्या बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, इतकं कोणी मागत नाही. हे म्हणाले, मी मागतोय. दुपारभर दोघांची हुज्जत चालली. अण्णा मध्ये खुर्चीत, प्रत्येक सुराला सांगत होते, आता बरं, आता टोचतंय, आता बरं. शेवटी एक सूर असा लागला, की अण्णांनी काही न बोलता डोळे मिटले. कुलूपरावांनी बाईंना हात केला, राहू द्या, इथेच.

परतीच्या बसमध्ये कुलूपराव सारखे बोलत होते. कोणती रेकॉर्ड आधी लावायची, कोणती नंतर. थोड्या वेळाने अण्णांनी दोन्ही मशीनं काढून खिशात ठेवली, म्हणाले, आता जरा वेळ काही नको, आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

पलीकडच्या सीटवर एक माणूस फोन उभा धरून बसला होता. तो काही वाचत असेल, कोणाशी बोलायच्या तयारीत असेल. कुलूपरावांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ते जरा पुढे सरकून, अण्णांचा चेहरा त्या बाजूने दिसणार नाही असे बसले, आणि गाव येईपर्यंत तसेच बसून राहिले.